डावीकडच्या बाकड्यांचा कायदा

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात आमचे बगळे ओळीने एकोणीस सामने हरले. बगळे म्हणजे पोर्ट ॲग्नेसचा बेसबॉल संघ. खरं नाव हेरन्स, आणि सदऱ्यावर छातीपाशी एका पायावर उभा असलेला निळा पक्षी. "अरे, दुसरा पाय टेका आता! एका पायावर धावणार कसे?" असं माझा नवरा कॅझ बाराव्या पराभवाला ओरडला होता. तेव्हा लोक हसले तरी. पंधराव्यानंतर कोणी हसेना.

पहिल्या पाच पराभवांत माणूस खेळाडूंना शिव्या देतो. पुढच्या पाचांत प्रशिक्षकाला आणि मालकाला. त्याच्याही पुढे गेलं की तो स्वतःच्या घरातल्या वस्तूंवर संशय घ्यायला लागतो. कॅझने आधी मोजे बदलायचे थांबवले. मग कोणीतरी म्हणालं, न बदलल्यामुळेच हरत असतील, तेव्हा दिवसातून दोनदा बदलायला लागला. धुवायला मीच होते. आमच्या शेजारच्या बाकावरचा ओटो प्रेल, आयुष्यभर ट्राम चालवलेला शहाणासुरता माणूस, त्याने अर्धी मिशी काढली. उजवी. दोन दिवसांनी डावीही काढली, कारण बायको घरात घेईना. सॉसेजवर मोहरीची चटणी कोणत्या बाजूने लावायची यावर सातव्या डावात दोन जाणती माणसं हमरीतुमरीवर आली होती, आणि त्यातली एक मी होते.

आम्ही डावीकडच्या बाकड्यांवर बसतो. कुंपणाच्या मागे, पाठ टेकायला काही नाही, डोक्यावर ऊन. होमरन, म्हणजे थेट कुंपणापलीकडे मारलेले चेंडू, बहुतेक तिकडेच येऊन पडतात. आणि तिथे एक कायदा आहे. आपल्या माणसाने मारलेला चेंडू हातात आला तर घरी न्यावा, नातवंडांना दाखवावा. शत्रूने मारलेला चेंडू आला तर तो उठून मैदानात परत फेकावा. त्यांचा होमरन आम्ही ठेवून घेत नाही, आम्हाला नको त्यांचं काही.

कायदा कोणी केला ठाऊक नाही, पण तीस वर्षं तो राबवला कॅझने. तो टपालवाला होता. एक पत्र कधी चुकीच्या दारात पडलं नाही, आणि एक चेंडू कधी त्याच्या नजरेसमोर कोणाच्या खिशात गेला नाही. एकदा फादर लुबिन्स्कींच्या मांडीत चेंडू पडला. ते बिचारे खूश होऊन आकाशाकडे बघायला लागले. कॅझ म्हणाला, "फादर, देवाचं नंतर बघू. आधी परत फेका." फादरनी फेकला तो तीन रांगा खाली सॉसेजवाल्याच्या टोपलीत. कॅझने तो तिथून काढून त्यांना पुन्हा फेकायला लावला.

सगळ्यात जास्त चीड त्याला एकाच गोष्टीची. काही लबाड लोक खिशात जुना चेंडू घेऊन येतात. खरा चेंडू झेलला की तो लपवायचा आणि टाळ्या मिळवायला जुना मैदानात भिरकवायचा. ओटोचा मेहुणा ह्यूगो याने हे केलं होतं. कॅझने गवतावर पडलेल्या चेंडूचा रंग बघून लांबूनच ओळखलं. "तो चेंडू आहे की बटाटा?" असं सगळ्यांसमोर विचारलं, आणि शिक्षा ठोठावली: पुढचा एक सामना फाटकाबाहेर बसायचं. ह्यूगो बसला. पण पुढे तो उजवीकडच्या बाकड्यांवरच जायला लागला, आणि आठ वर्षं ओटोच्या घरी नाताळचं जेवण दोन पंगतींत होतंय.

हे सगळं सांगायचं कारण आमचा नातू रोमन.

रोमन हा आमच्या मुलीचा मुलगा. त्याला बॅट धरायला कॅझने शिकवलं, आमच्या मागच्या गल्लीत, दोन मोटारींच्या मधल्या जागेत. नऊ वर्षांचा असताना त्याने चेंडू टोलवून शेजारच्या मिसेस कोझेल यांच्या गराजचं दार फोडलं. कॅझने त्यांची माफी मागितली, घरी आला, दार लावून घेतलं आणि पोराला डोक्यावर घेऊन स्वयंपाकघरात नाचला. मग त्याने फडताळातला उकडलेलं अंडं ठेवायचा कप काढला, फ्रिजवरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाला, "तुझा पहिला खराखुरा होमरन मी झेलणार. या हातांनी. आणि तो चेंडू इथे बसणार." तेव्हापासून चौदा वर्षं तो कप तिथे रिकामा होता. मी दर शनिवारी त्याची धूळ पुसायची.

कॅझच्या मनात रोमन बगळ्यांकडूनच खेळणार होता. पण बगळ्यांनी त्याला घेतलं नाही. त्यांना म्हणे त्याच्या पायात वेग दिसला नाही. डेल्टनच्या मस्टँग्सनी घेतलं. मस्टँग्स म्हणजे आमचे हाडवैरी. बातमी आली तेव्हा कॅझ पोराला छान वगैरे म्हणाला आणि मग बाकड्यांवर जाऊन, कोणी विचारलेलं नसताना, सगळ्यांना सांगून मोकळा झाला: "मस्टँगच्या खेळाडूला मी या बाकड्यांवरून टाळी वाजवणार नाही. तो कोणाचाही नातू असो."

ऑगस्टातल्या एका सोमवारी रोमनचा फोन आला. मी स्वयंपाकघरातल्या जोडफोनवरून ऐकत होते.

"जाजा! मला मस्टँग्सच्या मुख्य संघात बोलावलंय. आणि उद्यापासून आमचे तीन सामने तुमच्याकडेच आहेत."

जाजा म्हणजे आजोबा आणि बुशा म्हणजे आजी, आमच्या पोलिश घरांत तसंच म्हणतात. जाजाने घसा खाकरला. मग म्हणाला, "जेवायला ये बुधवारी. तुझी बुशा कोबीचे रोल करेल."

"येतो. आणि बहुतेक बुधवारी मला बॅटिंग मिळेल."

"मिळू दे. पण आधीच सांगून ठेवतो, मी टाळ्या वाजवणार नाही."

रोमन हसला, पण मला त्याचं हसू कळतं. "माहीत आहे, जाजा. नियम तो नियम."

फोन ठेवल्यावर मी बाहेरच्या खोलीत गेले. "कॅझिमिर झारनेत्स्की," मी म्हटलं, "तू गाढव आहेस."

"हेलेना, लोक काय म्हणतील?"

"ओळीने सतरा सामने हरलेले लोक! त्यांच्या म्हणण्याला किंमत काय?"

मंगळवारी बगळे अठरावा सामना हरले, रोमनला बॅटिंगला काही बोलावलं नाही. बुधवारी सकाळी मी तळघरात कपडे आणायला गेले, तर कॅझ रोमनच्या जुन्या खोक्यात हात घालून उभा. त्याच्या हातात एक जुना, करडा पडलेला चेंडू होता. मला बघून त्याने तो पाठीमागे लपवला, आणि मीही काही पाहिलंच नाही असं दाखवून टॉवेल उचलले. दुपारी बाहेर उन्हाने रस्ता वितळत होता आणि हा माणूस जाकीट घालून दारात उभा. उजवा खिसा फुगलेला.

"गरम होईल," मी म्हटलं.

"वारा सुटेल," तो म्हणाला.

मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! तीस वर्षं ज्या माणसाने फादरनाही सोडलं नाही, तो आपल्या नातवासाठी खिशात बटाटा घेऊन निघाला होता. मी त्याचा हात धरला आणि आम्ही सॉसेजचे डबे घेऊन मैदानावर गेलो.

तो सामना, काय सांगू, बगळे जिंकत होते. आठ डाव संपले तेव्हा चार विरुद्ध तीन. बाकड्यांवर लोक हलायला तयार नव्हते. ओटोला सहाव्या डावापासून मुतारीला जायचं होतं आणि आम्ही त्याला जाऊ देत नव्हतो. "ज्या जागी बसून पुढे गेलो ती जागा सोडायची नाही," कॅझ म्हणाला. ओटोने पाय आवळले आणि देवाचं नाव घेतलं.

नववा डाव, शेवटचा. मस्टँग्सचे दोन बाद, एक माणूस पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर. आणखी एक बाद झाला की अठरा पराभवांचं भूत उतरणार होतं. तेवढ्यात मस्टँग्सनी त्यांच्या चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या जागी बॅटिंगला एक नवा पोरगा पाठवला. भोंग्यावर नाव आलं: रोमन हॅलोरान.

ओटोने कॅझकडे पाहिलं. सगळ्या बाकड्यांनी कॅझकडे पाहिलं. कॅझ समोर बघत राहिला. त्याच्या कानशिलावरून घाम वाहत होता.

पहिला चेंडू, स्ट्राइक. दुसराही स्ट्राइक; तिसरा झाला की बाद. बाकडी उभी राहिली. मीही उभी राहिले, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला काय हवं होतं ते मलाच कळत नव्हतं. एकोणिसाव्या सामन्यात तरी जिंकावं असंही वाटत होतं, आणि माझ्या पोराने बाद होऊ नये असंही वाटत होतं. तिसरा चेंडू आला आणि रोमनने तो असा हाणला की आवाज आधी ऐकू आला आणि चेंडू नंतर दिसला. तो वर चढला आणि आमच्याकडे यायला लागला.

कॅझ हलला नाही. त्याने फक्त दोन्ही हात वर केले. हातमोजा आमच्याकडे कोणी वापरत नाही, ते लहान मुलांचं काम. चेंडू थेट त्याच्या तळव्यांत आदळला, फटका बसल्यासारखा आवाज झाला, आणि अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाने तो सोडला नाही.

बेसवरचा माणूस आणि रोमन, दोघांच्या दोन धावा; पाच विरुद्ध चार. आम्ही पुन्हा मागे. अठरा सामन्यांचा सगळा राग एकदम बाहेर पडला. "परत फेक! परत फेक!" चार हजार माणसं ओरडत होती. ओटोही ओरडत होता, आणि ओटोच्या डोळ्यांत पाणी होतं.

कॅझने झेललेल्या चेंडूसकट उजवा हात जाकिटाच्या खिशात घातला. मी मनात म्हटलं, शाबास, फेक तो बटाटा. त्याने एक गिरकी घेतली, दंड मागे नेला आणि चेंडू मैदानात भिरकावला. लांब, सरळ, थेट दुसऱ्या बेसपर्यंत. बाकड्यांनी आरोळी ठोकली. त्याच वेळी रोमन तिसऱ्या बेसकडे धावत होता आणि आमच्याकडे बघत होता.

मग मी कॅझकडे पाहिलं. त्याचा उजवा हात रिकामा होता. डावा हात खिशाच्या बाहेरून चाचपत होता. चेहरा पिठासारखा पांढरा.

"हेलेना," तो माझ्या कानाशी म्हणाला, "तो अजून खिशातच आहे."

खिशातून त्याने जुना चेंडू काढलाच नव्हता. तीस वर्षं 'परत फेक' ऐकलं की त्याचा हात हातात असेल ते फेकत आलाय. त्या दिवशीही त्याने तेच केलं. मधे डोक्याला विचारायला तो थांबला नाही.

बगळे आपल्या शेवटच्या पाळीत तीन चेंडूंत तीन बाद झाले. एकोणिसावा पराभव. ओटो मुतारीकडे पळाला. घरी येताना मी कॅझच्या चार पावलं पुढे चालत होते. मला राग आला होता. चूक झाली हे मला कळत होतं, पण पोराला कोण सांगणार? त्याने इतकंच पाहिलं होतं की त्याच्या आजोबाने त्याचा पहिला होमरन झेलला आणि कचऱ्यासारखा फेकून दिला.

संध्याकाळी रोमन आला. मला मिठी मारली, जाजाशी हात मिळवायला गेला आणि थबकला. कॅझचे दोन्ही तळवे भाकरीसारखे सुजले होते. तो बर्फाच्या पातेल्यात हात घालून बसला होता.

आम्ही जेवायला बसलो. रोमनने तीन रोल खाल्ले, हवेबद्दल बोलला, बसच्या प्रवासाबद्दल बोलला. मग काटा खाली ठेवला.

"मी पाहिलं, जाजा. झेलताना पाहिलं." तो हसायला बघत होता. "आणि फेकतानाही. ठीक आहे. नियम तो नियम. फक्त, म्हणजे... मला वाटलं होतं की या एकदा..." त्याची नजर फ्रिजवरच्या कपाकडे गेली आणि त्याने ती लगेच वळवली.

कॅझ उठला. बाहेरच्या खोलीत गेला. सुजलेल्या बोटांनी जाकिटाच्या खिशातून चेंडू काढायला त्याला बराच वेळ लागला. तो आणून त्याने रोमनच्या ताटाशेजारी ठेवला.

करडा चेंडू, शिवण सुटलेली, एका बाजूला मिसेस कोझेल यांच्या गराजचा हिरवा रंग, आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत रोमनचं नाव.

"हा इथे कुठून आला?"

"खिशात होता," कॅझ म्हणाला. "सामन्याला नेला होता."

रोमन त्या चेंडूकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याची मान वर आली. "जाजा. तू नकली चेंडू नेलास? तू?"

"हो."

"ह्यूगोला ज्याच्यासाठी बाहेर बसवलंस, ते तू करणार होतास?"

"करणार होतो. तुझा ठेवायचा आणि हा फेकायचा. लोक ओरडले आणि माझ्या या मूर्ख हाताने..." त्याने सुजलेला तळवा पुढे केला. "मला तो हवा होता रे, रोमन. चौदा वर्षं हवा होता. माझ्या हातात होता आणि मी फेकला."

रोमन हसायला लागला. आधी हळू, मग टेबल हलायला लागेपर्यंत. हसता हसता त्याने डोळे पुसले, पायाशी ठेवलेली पिशवी उघडली आणि एक नवा, पांढरा चेंडू बाहेर काढला. एका जागी बॅटचा काळा डाग.

"तुमच्या दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूने उचलला आणि आमच्या कोचकडे टाकला. त्याला माहीत होतं माझा पहिला आहे म्हणून. इतर गावांत असा चेंडू प्रेक्षकांकडून सोडवायला बॅटी द्याव्या लागतात, सदरे द्यावे लागतात, हात जोडावे लागतात. कोच म्हणाला, पोर्ट ॲग्नेसचे लोक वेडे आहेत, पण सोयीचे आहेत."

तो उठला आणि त्याने चेंडू फळीवरच्या कपात ठेवला. बरोबर बसला. मग जुना करडा चेंडू उचलून स्वतःच्या पिशवीत टाकला.

"हा मी नेणार. तू माझ्यासाठी कायदा मोडायला निघाला होतास, हे मला कोणी खरं मानणार नाही. पुरावा पाहिजे."

कॅझने नाक शिंकरलं. मग म्हणाला, "उद्या ओटोला सांगायला हवं."

"कशाला?" मी म्हटलं. "कोणाला काही कळलं नाही. खराच चेंडू फेकलास तू."

"ह्यूगोला मी बाहेर बसवलं होतं, हेलेना."

गुरुवारी दुपारी त्याने भर बाकड्यांवर उभं राहून सगळं सांगितलं. ओटो आधी ऐकून घेईना. "अरे, पण फेकलास तर खराच ना? मग गुन्हा कसला?"

"मनात लबाडी होती."

ओटोने डोकं खाजवलं. लोकांकडे पाहिलं. एकोणीस सामने हरलेल्या माणसांना कोणालातरी शिक्षा करायला मिळतेय म्हटल्यावर त्यांचे चेहरे जरा उजळले होते. "बरं," ओटो म्हणाला, "मग जा बाहेर. आणि ते जाकीट काढ आता, तुझ्याकडे बघून मला घाम येतो."

मीही त्याच्याबरोबर गेले. बाकड्यांच्या मागच्या भिंतीखाली, रस्त्याच्या कडेला, घडीच्या दोन खुर्च्या टाकून बसलो. मधे माझा रेडिओ. आठ वर्षांपूर्वी ह्यूगो बसला होता तीच जागा. कॅझ म्हणाला, "इथे ऊन जास्त लागतं. मला माहीत नव्हतं." आणि मग, "या नाताळला त्याला आपल्याकडे बोलावू."

सामना मात्र रंगला. नववा डाव आला तेव्हा बगळे दोन विरुद्ध एकने पुढे होते. मस्टँग्सचे दोन बाद. रेडिओवरचा माणूस ओरडला की रोमन हॅलोरान बॅटिंगला येतोय. वर भिंतीपलीकडे हूऽऽऽ सुरू झालं.

आणि माझ्या शेजारी कॅझ उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला.

"हे काय?" मी म्हटलं.

"मी बाकड्यांवरून वाजवणार नाही म्हणालो होतो. आपण बाहेर आहोत." प्रत्येक टाळीला सुजलेले तळवे दुखून त्याचे डोळे मिटत होते, तरी तो थांबेना. "चल रे पोरा! चल रोमन! दाखव त्यांना!" रस्त्यावरून जाणारी एक बाई पोराला घेऊन पलीकडच्या बाजूला गेली.

स्ट्राइक. बाहेर गेलेला चेंडू. स्ट्राइक. आणि मग रोमनची बॅट हवेतच फिरली आणि रेडिओवरच्या माणसाचा आवाज चिरकला. भिंतीच्या वरून असा काही कल्लोळ खाली आला की माझी खुर्ची हलली. एकोणीस सामन्यांनंतर बगळे जिंकले होते.

भिंतीच्या वरच्या कडेवर ओटोचं मिशी नसलेलं तोंड दिसलं. लालबुंद, रडतंय की हसतंय ते कळेना. "कॅझ!" तो ओरडला. "तिथून हलू नकोस! ऐकलंस का? यापुढे तुझी जागा तीच!"

कॅझने वर बघून मान डोलावली. टाळ्या त्याने थांबवल्याच नव्हत्या. त्याच वाजवत राहिला.